दर्याचो जोशी

समुद्राला इतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि समुद्रात आंघोळीला कुठे उतरायचं हे विचारायला लोक त्यांच्याकडेच यायचे. गोव्यात मांद्र्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं. मागच्या अंगणाला लागून दोन खोल्या होत्या. उन्हाळ्यात त्या आमच्यासारख्या आतल्या तालुक्यांतल्या माणसांना मिळत. पर्यटकांना ते खोली देत नसत. पर्यटक ऐकत नाहीत, एवढंच त्याचं कारण. गावात त्यांना 'दर्याचो जोशी' म्हणत, अर्थात पाठीमागे. जोशी लग्नाचा मुहूर्त काढून देतो तसे हे आंघोळीची जागा काढून देत आणि दक्षिणा म्हणून बहुतेक वेळा शिव्या खात.

मी मुळगावचा. आमच्या डिचोली भागात अजूनही मे महिन्यात खारं पाणी घ्यायला समुद्रावर जायची पद्धत आहे. हाडं दुखत असतील, अंगाला खाज असेल, तर समुद्राच्या आंघोळी घ्यायच्या. पाच, सात, नऊ, ज्याला जेवढ्या झेपतील तेवढ्या. आकडा मात्र विषमच हवा. सम आकड्यावर सोडून घरी आलं तर दुखणं दुप्पट होऊन मागोमाग येतं, असं आमच्या बायका ठामपणे सांगतात. आईच्या गुडघ्यांनी तिला दोन वर्षं छळलं होतं. शेजारणीने नऊ आंघोळी सांगितल्या आणि आईने त्या मनात पक्क्या करून टाकल्या. मी जवळच्या साखळी गावातल्या एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुतो, पण स्वतःला विज्ञानाचा माणूस समजतो. आकड्याबिकड्यावर माझा विश्वास नव्हता. आईवर होता, म्हणून दहा दिवसांची रजा काढली; मे महिन्यात सुट्टी मुलांना असते, आम्हाला नसते.

पहिल्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता त्यांनी आमचं दार वाजवलं. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, अंगात बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बंद छत्री आणि दुसऱ्या हातात नारळाचं वाळलेलं सोडण, म्हणजे वरच्या सालाचा तुकडा. आम्ही चहा मागितला तर म्हणाले, नंतर. पोटात काही असलेला माणूस त्यांना पाण्यात चालत नसे. आम्ही इतक्या लवकर निघायचो ते आईसाठी. लुगडं नेसून पाण्यात बसलेल्या बाईकडे पर्यटक मोबाईल रोखतात म्हणून तिला गर्दी व्हायच्या आत परतायचं असायचं. त्या वेळी जीवरक्षकही आलेले नसत. किनाऱ्यावर आम्ही, चार कुत्री आणि हे.

वाळूवर पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे चपला. सगळ्यांनी चपला एका ओळीत काढायच्या आणि त्यांची तोंडं घराकडे करायची. मला वाटलं काही देवाधर्माचं असेल. तसं नव्हतं. पाण्यात किती माणसं आहेत ते त्यांना चपलांवरून मोजायचं असे. डोकी मोजायला गेलं की लाटेत चुकतात, चपला जागच्या हलत नाहीत. ते आंघोळ संपेपर्यंत दर दोन मिनिटांनी चपला मोजत आणि मग पाण्याकडे बघत. आम्ही दोघंच होतो. तरीही मोजत.

मग ते समुद्राकडे तोंड करून उभे राहत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. या वेळात कुणी बोलायचं नाही. आई बिचारी पदर खोचून वाळूत बसून राही. त्यानंतर सोडण पाण्यात लांब भिरकावलं जाई आणि त्याच्याबरोबर हे काठाकाठाने चालू लागत. सोडण लाटांबरोबर परत काठाला लागलं तर मान डोलावत. ते बाजूला सरकलं किंवा आत जाऊ लागलं, तर नको ते दिसल्यासारखा चेहरा करून पुढे चालत आणि खिशातून दुसरं सोडण काढत. त्यांच्या पँटच्या खिशांतून दुसरं काही निघालेलं मी कधी पाहिलं नाही.

तरुणपणी ते सायकलवरून घरोघर पाव टाकायचे. पहाटेची भरती-ओहोटी त्यांनी बघितली ती त्या फेऱ्यांमध्ये, आणि किनाऱ्यावरच्या जागांना त्यांनी नावं दिली तीही पावांचीच. पाण्याखाली वाळूचा फुगीर उंचवटा असेल तर तो उंडो. सपाट पसरट वाळू असेल तर पोई. आणि दोन उंचवट्यांच्या मधे जिथे चीर पडलेली असते तो कातरो, आपल्याकडे मधे कापलेला पाव मिळतो त्याच्यावरून. आईला पोईवर बसवायचं, मला उंड्यापर्यंत जायची मुभा, कातऱ्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. आता हे सगळं नीट लक्षात ठेवावं, तर दुसऱ्या दिवशी पोईच्या जागी कातरो झालेला असे. रात्रीत वाळू हलते. त्यामुळे कालची जागा आज चालत नाही, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र होतं. आईला एक जागा आवडली होती, तिथे मागे सुरूच्या झाडांची सावली येई. तीन दिवस तिने रोज त्याच जागेसाठी हट्ट केला आणि तीनही दिवस त्यांनी तिला दुसरीकडे नेलं.

ते स्वतः गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जात नसत. मी पहिल्याच दिवशी चेष्टेने विचारलं की एवढी पारख आहे तर एक डुबकी मारून का दाखवत नाही. ते म्हणाले, भीती वाटते. इतकं सरळ उत्तर आल्यावर चेष्टा पुढे नेता येत नाही.

त्यांच्या घरचं कुणीतरी बुडालं असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कुणी भाऊ म्हणे, कुणी पहिली बायको म्हणे. वास्तविक पहिली आणि शेवटची बायको स्वयंपाकघरात पेज ढवळत होती. मी त्या काकींनाच विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हे असेच आहेत, माहेरी जाताना होडीतून नदी ओलांडायची तर मला एकटीला पाठवून स्वतः सायकलवरून लांबचा वळसा घालून यायचे. तरी माझं समाधान झालं नाही. एकदा संध्याकाळी ते माड शिंपत असताना मी त्यांनाच गाठलं आणि थेट विचारलं की तुमचं कोण बुडालं.

"कोण नाय," ते म्हणाले. "बुडाक नये म्हणान भितंय. बुडल्यावर भिवन काय करतलंय?"

या माणसाला मी मनातल्या मनात भित्रा ठरवून टाकलं होतं, आणि त्यात मला थोडी मजाही वाटत होती. कारण मी पोहणारा होतो. मुळगावच्या बाजूला बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून तळं झालेलं होतं. तिथे जायला मनाई होती, म्हणून आम्ही सगळे तिथेच पोहायला शिकलो. हिरवट, थंड, अगदी निश्चल पाणी. खोली किती ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही काठावरून उडी टाकायचो आणि समोरच्या काठापर्यंत सरळ रेषेत जाऊन परत यायचो. त्या पाण्यामुळे लहानपणापासून आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: पाणी हलत नाही तिथे माणूस सुखरूप. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला, पाणी उसळायला लागलं की घरी पळायचं. खाणपट्ट्यात वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

त्यांचं बोलणं नेमकं याच्या उलट असे. लाटा फुटतात तिथे वाळू जवळ आहे, तिथे उतरा. लाटा फुटत नाहीत तिथून लांब राहा. त्यांचं एक वाक्य होतं, ते पर्यटकांना, पोलिसांना, मासळीवाल्या बायकांना, ज्याला त्याला ऐकवत: "जंय दर्या गप्प, थंय तो जेवता." माझ्या लेखी तो त्यांच्या बोलण्याचा ढंग होता. विज्ञानाच्या माणसाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

त्यांच्या नावाचा एक व्हिडिओ त्या वर्षी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. बाहेरून आलेली आठ-दहा पोरं दुपारी पाण्याकडे धावत निघाली होती. हे त्यांच्या वाटेत जाऊन वाळूत बसले आणि छत्री उघडून आडवी धरली. पोरं डाव्या बाजूने जाऊ लागली की हे बसल्या बसल्या डावीकडे सरकत, उजवीकडून गेली की उजवीकडे. पोरांनी हसून हसून ते सगळं टिपलं. एकाने छत्री ओढली, तिची काडी मोडली. शेवटी कंटाळून ती पोरं लांब दुसऱ्या टोकाला, जीवरक्षकांच्या झेंड्यापाशी जाऊन डुंबली. व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे सांगत नाही. मी तो त्यांना दाखवला. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि शेवटी विचारलं, यात पोरं परत आलेली दिसत नाहीत, ती आली का? काकी आतून म्हणाल्या, आली हो, आली, त्याच दिवशी तुम्ही जाऊन बघून आलात. तरी त्यांनी व्हिडिओ आणखी एकदा लावायला सांगितला.

आठ आंघोळी सुखरूप झाल्या. आईचे गुडघे खरंच हलके वाटू लागले होते, निदान ती तसं म्हणत होती. अंगावरचं खारं पाणी अंगावरच वाळू द्यायचं, वर गोडं पाणी घ्यायचं नाही, मग गरम पेज, मग झोप. नववी आंघोळ उरकून दुपारच्या बसने घरी जायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत हजर होणार होतो.

नवव्या दिवशी समुद्र बिघडलेला होता. ढग नव्हते, वारा फारसा नव्हता, पण लाटा मोठ्या येत होत्या आणि त्यांचा आवाज खोल होता. त्यांनी तास-सव्वातास काढला. एकामागून एक सोडणं फेकली. एक परत आलं नाही, दुसरं परत आलं नाही, तिसरं खूप लांब जाऊन दिसेनासं झालं. ते परत आमच्यापाशी आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त छत्री होती.

आज नाही, ते म्हणाले. कुठेच नाही. उद्या बघू.

मी घड्याळ दाखवलं, बस सांगितली, रजा सांगितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आईचा चेहरा पडला. आठवर अडकली होती ती. सम आकड्यावर घरी जायचं म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं वाया, उलट दुखणं वाढवून घ्यायचं. तिने त्यांना हात जोडून विचारलं की नुसती काठावर बसून तांब्याने पाणी घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, आज काठही नाही, लाट ओढून नेते. तेवढ्यात लांबवर, दक्षिणेच्या अंगाला, काही परदेशी माणसं कपडे काढून पाण्याकडे जाताना दिसली, आणि हे छत्री उंचावून त्यांच्याकडे तरातरा चालू लागले. जाताना मागे वळून आम्हाला घरी जायची खूण केली.

आई उठली नाही. म्हणाली, "आठार सोडून जावचां नाय रे बाबा. एक बुडी मारूक किती वेळ?"

मला त्या क्षणी म्हाताऱ्याचा राग आला होता. एका भित्र्या माणसासाठी आईची नऊ दिवसांची आस मोडायची, आणि वर मी शाळेत खुलासा द्यायचा. मी स्वतः जागा बघायला लागलो. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या. आणि त्यांच्या मधोमध, आमच्यापासून पन्नास पावलांवर, एक पट्टा होता. हिरवट, काळसर, शांत. दोन्ही बाजूंना फेस उसळत होता आणि त्या पट्ट्यात एकही लाट फुटत नव्हती. मला आमच्या खाणीतल्या पाण्याची आठवण झाली. मला वाटलं, म्हातारा इतकी वर्षं समुद्र बघतो आणि ही एवढी चांगली जागा त्याला दिसत नाही.

त्यांचं वाक्य मी आठ दिवस रोज ऐकलं होतं. तरी मी आईला हात धरून तिथेच नेलं.

घोटाभर पाणी, गुडघाभर पाणी. आई खूश होती, म्हणाली, किती शांत आहे बघ. कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि पायाखालची वाळू निघून गेली. ती खचली नाही, घसरली नाही, निघून गेली. आईचा हात माझ्या हातातून सुटला आणि परत सापडला. मी काठाकडे बघितलं तर सुरूची झाडं लहान व्हायला लागली होती. मी पोहणारा माणूस, मी आईला एका हाताने धरलं आणि काठाकडे सरळ निघालो. जोर लावला. आणखी लावला. झाडं लहानच होत गेली. खाणीत काठ जागच्या जागी राहतो, आपण हात मारले की तो जवळ येतो. इथे मी हात मारत होतो आणि काठ लांब जात होता. तेव्हा जी भीती वाटली ती मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. ती छातीत नव्हती. ती हातापायांत होती, हातपाय माझं ऐकेनासे झाले होते.

आई ओरडली नाही. तिने समोरून माझ्या मानेला मिठी घातली आणि मी तिच्या वजनाने खाली गेलो. वर आलो, परत खाली गेलो. नाकातोंडात पाणी गेलं. मी तिला शिवी दिली. जन्मात आईसमोर उच्चारली नव्हती अशी. आणि मग मी तिची बोटं माझ्या मानेवरून सोडवायला लागलो. एकेक करून. श्वास घेण्यासाठी सोडवत होतो की सुटण्यासाठी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही मी त्याचं उत्तर शोधायच्या भानगडीत पडत नाही.

त्याच वेळी काठावर छत्री दिसली. ते परत आले होते. धावत नव्हते. गुडघाभर पाण्यात उभे राहून उघडी छत्री उजवीकडे हलवत होते, पुन्हा पुन्हा, फक्त उजवीकडे. उजवीकडे लाटा फुटत होत्या. डोक्याहून उंच, पांढऱ्या, आवाज करणाऱ्या. त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा वेडा झाला, हा आम्हाला तिकडे मरायला पाठवतोय. माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू काठाकडे जाऊ पाहत होता. पण सरळ जाऊन काही होत नव्हतं, आणि दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. मी आईला पाठीमागून लुगड्याला धरलं, तिचं तोंड वर केलं आणि काठाला समांतर, त्या फेसाकडे निघालो.

किती हात मारले ते माहीत नाही. एकाएकी ओढ थांबली. मग मागून एक लाट आली आणि तिने आम्हा दोघांना उचलून आपटलं. पायाला वाळू लागली. दुसऱ्या लाटेने पुन्हा आपटलं, पण आता काठाच्या बाजूला. आईचं कोपर सोललं, माझी हनुवटी फुटली. तिसऱ्या लाटेनंतर मी गुडघ्यांवर रांगत होतो आणि आईला लुगड्याला धरून ओढत होतो. त्यांनी पुढे होऊन तिचा दंड धरला. आम्ही कोरड्या वाळूवर आलो तेव्हा त्यांनी आधी आमच्या चपला मोजल्या. दोन जोड. मग ते वाळूत बसले आणि ओकले.

  घरी आल्यावर काकींनी आईचं कोपर धुतलं, पेज वाढली. आई ठीक होती, झोपली. मी दुपारभर अंगणात बसून होतो.  बस केव्हाच निघून गेली होती. शाळेत फोन करून मी एक दिवस वाढवून मागितला, कारण विचारलं तेव्हा आईची तब्येत म्हणालो.

ते येऊन शेजारी बसले. मला उगाच त्यांचाच राग आला आणि मी विचारलं, तुम्ही पाण्यात का आला नाहीत? मी हाका मारत होतो.

"मी इलो आसतंय तर तिगां बुडलो आसतों," ते म्हणाले. "वाट कोणी दाखवली आसती?"

  मग मला विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. तुम्हाला तिथून सगळं दिसत होतं? ते माडाकडे बघत राहिले. त्यांना दिसलं होतं. माझी बोटं आईच्या बोटांवर होती, तेही दिसलं होतं. मी मान खाली घातली आणि रडू आलं ते लपवलं नाही.

"भिलेलो माणूस जां करता, तां तेचां नसता," ते म्हणाले. "दुसऱ्या दिसा करता, तां तेचां."

मग त्यांनी सांगितलं की सकाळी तयार राहा, बायची नववी आंघोळ राहिली आहे. मी म्हणालो, आजची धरा की, डोक्यावरून पाणी गेलंय. ते म्हणाले, ती आंघोळ नाही, ती दर्याने केली, तिने नाही केली. मी नाही म्हणालो. परत त्या पाण्यात आईला नेणार नाही, गुडघे जन्मभर दुखले तरी चालतील. आई आतून जागी झाली होती. ती म्हणाली, मी जाणार.

गेल्या वर्षी ते गेले. तापाने, घरात, अंथरुणावर. मी कळल्यावर मांद्र्याला गेलो होतो. काकी म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत भ्रमात असताना ते सारखे अंगणातल्या चपला मोजायला सांगत, आणि मोजून सांगितल्यावर झोपत. गावातली माणसं जमली होती. दर्याचो जोशी खाटेवर गेला, म्हणून कुणी हळूच हसलंही. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर होती ती त्या दहाव्या दिवसाची सकाळ.

त्या सकाळी समुद्र जरा निवळला होता. त्यांनी दोन तास घेतले. ऊन वर आलं, पर्यटक आले, लांब जीवरक्षकांनी झेंडे रोवले. आईने मोबाईलवाल्यांची पर्वा केली नाही. तिसरं सोडण परत आलं, चौथं आलं, पाचवं आलं. तरी ते उभेच. शेवटी एका जागी त्यांनी छत्री वाळूत रोवली आणि म्हणाले, हंय. समोर लहान लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, एकामागून एक. आई पुढे झाली. मी हललो नाही. 

तेव्हा त्यांनी चपला काढल्या, आमच्या चपलांच्या शेजारी ठेवल्या, आणि माझं मनगट धरून पाण्यात शिरले. गुडघ्याच्या वर गेले. दुमडलेली पँट भिजली. मांड्यांपर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. त्यांचा हात इतका कापत होता की माझा खांदा हलत होता. आई आमच्या पुढे दोन हातांवर होती, समुद्राकडे तोंड करून हात जोडून उभी. लाट येऊन गेली आणि पायाखालून थोडी वाळू निसटली.  मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, जागा बरोबर आहे ना? नक्की?

त्यांनी आईकडे बघितलं, ती ऐकत नाही याची खात्री करून घेतली.

"माका कळणा नाय रे," ते म्हणाले. "कधीच कळूक नाय. रोज भितंय आणि रोज सांगतंय."

मी काही बोलायच्या आत आईने नाक धरलं आणि ती पाण्याखाली गेली. तिच्या डोक्यावरून लाट गेली, लुगड्याचा पदर पाण्यावर पसरला, आणि समोर फक्त तो पदर दिसत राहिला. मग ती वर आली. तोंडावरचं पाणी निपटून तिने मागे वळून विचारलं, "झाली ना रे नऊ?"

झाली, मी म्हणालो.  आम्ही तिघं काठाकडे निघालो, आणि कोरडी वाळू पायाला लागेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.